आयुर्विमा कंपन्यांचे शेअर कसे निवडावेत: पी-ई बाजूला ठेवून करायचा हिशेब

मार्च २०२५ला संपलेल्या वर्षात एलआयसीला ४८ हजार कोटींच्या वर नफा झाला. एसबीआय लाइफला २,४१३ कोटी, एचडीएफसी लाइफला १,८०२ कोटी. त्याच मार्चअखेर बाजार एचडीएफसी लाइफच्या नफ्यातल्या एका रुपयाला ऐंशीच्या आसपास रुपये मोजत होता आणि एलआयसीच्या रुपयाला जेमतेम दहा-अकरा. आमच्या शेजारचे काकाजी वेकोलितून (वेस्टर्न कोलफिल्ड्स) निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. त्यांनी सरळ विचारलं, "भाऊ, दहावाला सस्ता अन् ऐंशीवाला महाग, एवढं साधं आहे ना? मंग लोक ऐंशीवाला काऊन घेतात?"

कारण आयुर्विम्यात पी-ई, म्हणजे नफ्याच्या एका रुपयाला मोजलेला भाव, हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. सिमेंट विकलं की पैसे आले आणि नफा कळला, तसं इथे होत नाही. पॉलिसी विकली त्या दिवशी कंपनी तिच्यातून पुढच्या पंधरा-वीस वर्षांत किती सुटेल याचा अंदाज मांडते. तो अंदाज बरोबर होता की फुगवलेला, हे हळूहळू, दरवर्षी थोडं थोडं उघड होतं. त्यामुळे विमा कंपनीचा शेअर घेताना आपण खरं तर तिच्या अंदाजांना पैसे देत असतो आणि आपलं काम असतं ते अंदाज तपासणं. पुढची सगळी पद्धत त्यासाठीच आहे. एक वही आणि कॅलक्युलेटर पुरतो. मी सेबीकडे नोंदणी असलेला सल्लागार नाही. कंपन्यांची नावं उदाहरणापुरती घेतली आहेत आणि आकडे मुख्यतः मार्च २०२५चे आहेत. तुम्ही हिशेब मांडाल तेव्हा ताजे घाला.

आधी विमेदार म्हणून विचार करणं थांबवा

नागपुरात एलआयसीच्या नावाचा अख्खा चौक आहे, कामठी रोडचा डबल डेकर उड्डाणपूल तिथूनच सुरू होतो. घरोघरी पॉलिसी आहेत आणि २०२२च्या इश्यूच्या (एलआयसीच्या पहिल्या शेअरविक्रीच्या) वेळी आपल्याकडे कित्येकांचं पहिलं डिमॅट खातं त्यासाठीच उघडलं गेलं. इश्यूचा भाव ९४९ रुपये होता, पॉलिसीधारकांना ६० रुपये सूट मिळून ८८९ला पडला. १७ मे २०२२ला नोंदणी झाली ती ८७२वर. बऱ्याच जणांच्या डोक्यात एकच हिशेब होता: सरकारी हमी आहे, बुडायचं कुठे?

ही हमी आहे, पण कोणाला? १९५६च्या आयुर्विमा महामंडळ कायद्याच्या कलम ३७ने केंद्र सरकार पॉलिसीच्या रकमेची हमी देतं. ती विमेदाराला आहे, भागधारकाला नाही. शेअरच्या भावाला कोणीही हमी देत नाही.

दुसरं म्हणजे विमेदाराचं हित आणि भागधारकाचं हित अनेकदा उलट्या दिशेला असतं. तुम्हाला साडेपाच टक्के परतावा देणारी खात्रीची पॉलिसी तुमच्यासाठी सुमार असेल, पण कंपनीसाठी ती सर्वांत जाड मार्जिनची असू शकते. क्लेम सेटलमेंटचं प्रमाण ९८ की ९९ टक्के हे पॉलिसी घेताना जरूर पाहा. शेअर निवडताना त्याचा फारसा उपयोग नाही, कारण मोठ्या कंपन्यांत तो फरक नगण्य आहे.

बाजारात नेमकं काय मिळतं

थेट आयुर्विम्याचे जुने शेअर चार: आयसीआयसीआय प्रुडेन्शियल लाइफ (२०१६पासून), एसबीआय लाइफ आणि एचडीएफसी लाइफ (दोन्ही २०१७पासून) आणि एलआयसी. ऑक्टोबर २०२५मध्ये १०६ रुपयांच्या भावाने कॅनरा एचएसबीसी लाइफ आली. त्या इश्यूतला सगळा पैसा जुन्या भागधारकांकडे गेला, कंपनीत नवा पैसा आला नाही. मॅक्स फायनान्शियल ही होल्डिंग कंपनी आहे, तिच्याकडे अ‍ॅक्सिस मॅक्स लाइफचा सुमारे ८१ टक्के हिस्सा आहे. तेव्हा तिचा हिशेब मांडताना विमा कंपनीचे आकडे ८१ टक्क्यांनी गुणायचे, हे विसरलात तर शेअर फुकटात मिळतोय असं वाटेल. बजाज फिनसर्व्ह आणि आदित्य बिर्ला कॅपिटल यांच्या पोटातही आयुर्विमा आहे, पण तिथे कर्जाचा धंदा इतका मोठा की विम्यासाठी म्हणून ते घेण्यात अर्थ नाही.

निफ्टीचा इंडेक्स फंड असेल तर एचडीएफसी लाइफ आणि एसबीआय लाइफ तुमच्याकडे थोड्या प्रमाणात आधीच आहेत.

कागद कोणते काढायचे

कंपनीच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांच्या विभागात तिमाही सादरीकरण मिळतं आणि वार्षिक अहवाल मिळतो. शिवाय विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कंपनीला ठरावीक नमुन्यातले तक्ते जाहीर करावे लागतात. त्यातला एल-२२ हा तक्ता डाउनलोड करा. पर्सिस्टन्सी (किती ग्राहक हप्ते भरत राहिले), खर्चाचं प्रमाण आणि सॉल्व्हन्सी (देणी फेडण्याची ताकद) तिथे एकाच जागी असतं, तेही जाहिरातबाजीशिवाय. मार्चच्या निकालासोबत एम्बेडेड व्हॅल्यूचा (ती काय ते पुढे येतं) अहवाल येतो, तो सर्वांत महत्त्वाचा. किमान पाच वर्षांचे काढा.

दर महिन्याला टीव्हीवर येणारे नव्या प्रीमियमचे आकडे सोडून द्या. त्यात समूह विम्याचे एकरकमी प्रीमियम मिसळलेले असतात. एखाद्या मोठ्या संस्थेने ग्रॅच्युइटीचा पैसा सोपवला की महिना अचानक चमकदार दिसतो आणि त्यातून कंपनीला सुटतं अगदी किरकोळ. त्याऐवजी एपीई पाहायचं. त्यात दरवर्षी येणारा हप्ता पूर्ण धरतात आणि एकरकमी प्रीमियमचा फक्त दहावा भाग. दहा लाखांची एकरकमी पॉलिसी म्हणजे एपीईत एक लाख.

नफा जन्मतो कसा, हे एकदा आकड्याने करून पाहा

इथे घाई करू नका. हा भाग समजला की बाकीचं आपोआप सुटतं.

समजा, कोणीतरी वर्षाला एक लाख हप्त्याची, दहा वर्षं भरायची पॉलिसी घेतली. पहिल्या वर्षी एजंटचं किंवा बँकेचं कमिशन, विक्री करणाऱ्यांचे पगार, वैद्यकीय तपासणी, स्टँप ड्यूटी असे मिळून ५५ हजार गेले. पुढच्या देण्यासाठी ६० हजार राखीव ठेवावे लागले. म्हणजे लाख आले आणि एक लाख पंधरा हजार लागले. पंधरा हजार भागधारकांच्या खिशातून गेले. नफा-तोटा पत्रकात त्या वर्षी तोटा. कंपनीने अशा पॉलिसी जितक्या जास्त विकल्या तितका त्या वर्षीचा नफा कमी दिसणार. झपाट्याने वाढणाऱ्या कंपनीचा पी-ई भयंकर दिसतो त्याचं हे एक मोठं कारण.

पुढच्या नऊ वर्षांत त्याच पॉलिसीतून वर्षाला सात हजार सुटतात असं धरा. दहा टक्क्यांच्या दराने त्यांची आजची किंमत होते साधारण ४०,३००. त्यातून पंधरा हजार वजा केले की उरले २५ हजारांच्या थोडे वर. याला म्हणतात नव्या धंद्याचं मूल्य, व्हीएनबी. एक लाखाच्या एपीईवर पंचवीस हजार म्हणजे व्हीएनबी मार्जिन २५ टक्के.

आता तीच पॉलिसी ग्राहकाने तीन हप्ते भरून सोडली तर? सात हजार दोनदाच आले, त्यांची आजची किंमत १२,१००च्या आसपास. सरेंडरमधून कंपनीच्या हाती काही राहतं ते बाजूला ठेवलं, तर पंचवीस हजारांच्या नफ्याचा जवळपास तीन हजारांचा तोटा झाला. विक्रीच्या दिवशी मात्र अहवालात पंचवीस हजारच लिहिले गेले होते.

म्हणून मार्जिन हा आकडा एकट्याने वाचायचा नसतो. २०२४-२५मध्ये एसबीआय लाइफचं मार्जिन २७.८ टक्के होतं, एचडीएफसी लाइफचं २५.६, आयसीआयसीआय प्रुचं २२.८ आणि एलआयसीचं १७.६. यातून एसबीआय लाइफ उत्तम आणि एलआयसी वाईट असा निष्कर्ष काढणं चुकीचं होईल. दिशा पाहा. आयसीआयसीआय प्रु दोन वर्षांपूर्वी ३२ टक्क्यांवर होती, तिथून २४.६ आणि मग २२.८. एलआयसी १६.२वरून १६.८ आणि मग १७.६. शिवाय मार्जिन नुसतं मोठं असून भागत नाही, व्हीएनबीची एकूण रक्कम वाढायला हवी. मार्जिन दोन टक्क्यांनी उतरलं पण विक्री वीस टक्क्यांनी वाढली तर भागधारकाचं काही बिघडत नाही.

मार्जिन हलतं कशामुळे? मुख्यतः काय विकलं यामुळे. शुद्ध टर्म विम्यात सर्वांत जास्त, खात्रीच्या परताव्याच्या नॉन-पार पॉलिसीत भरपूर, बोनसवाल्या पार पॉलिसीत कमी, बाजारात पैसा गुंतवणाऱ्या युलिपमध्ये सहसा सर्वांत कमी. पार पॉलिसीच्या वरकड रकमेतला जास्तीत जास्त दहावा हिस्सा भागधारकांना मिळतो, नव्वद टक्के विमेदारांचे. एलआयसीचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या पार पॉलिसींवर उभा होता. वैयक्तिक एपीईत नॉन-पारचा वाटा दोन वर्षांत ९ टक्क्यांवरून २८ टक्क्यांजवळ गेला, तिचं मार्जिन त्यामुळे वर सरकतंय. उलट शेअर बाजार तेजीत असला की सगळ्या खासगी कंपन्यांत युलिप धडाधड विकले जातात, विक्रीचे आकडे फुगतात आणि मार्जिन उतरतं.

एम्बेडेड व्हॅल्यूचं ते एक पान

एम्बेडेड व्हॅल्यू, म्हणजे ईव्ही: आजवर विकलेल्या सगळ्या पॉलिसींतून पुढे सुटणाऱ्या नफ्याची आजची किंमत, अधिक कंपनीकडचं स्वतःचं भांडवल. उद्यापासून एकही पॉलिसी विकली नाही तरी भागधारकांच्या वाट्याला जे येईल, ते.

मार्च २०२५ला एलआयसीची ईव्ही ७,७६,८७६ कोटी होती, एसबीआय लाइफची ७०,२५० कोटी, एचडीएफसी लाइफची ५५,४२३ कोटी, आयसीआयसीआय प्रुची ४७,९५१ कोटी. हे आकडे पाहून कोणी भारावून जाऊ नये, म्हणून एक गोष्ट सांगतो. मार्च २०२१ला एलआयसीची ईव्ही ९५,६०५ कोटी होती. सहा महिन्यांनी, सप्टेंबर २०२१ला, ती ५,३९,६८६ कोटी झाली. सहा महिन्यांत साडेपाचपट! एवढ्या पॉलिसी कोणी विकल्या नव्हत्या. आधी सगळ्या पॉलिसींच्या पैशाचा एकच लाइफ फंड होता, तो कायदा बदलून पार आणि नॉन-पार असा वेगळा केला आणि नॉन-पारचा सगळा नफा भागधारकांचा ठरला. तेच पैसे, तेच विमेदार, फक्त वाटणी बदलली. नंतर याच बदलातून नॉन-पारची रक्कम भागधारकांच्या खात्यात वळती होऊ लागली आणि एलआयसीचा जाहीर नफाही उसळला. काकाजींच्या दहाच्या पी-ईमागचं बरंचसं उत्तर इथे आहे.

म्हणून ईव्ही किती यापेक्षा ती कशाने वाढली हे बघायचं. अहवालात एक तक्ता असतो, वर्षाच्या सुरुवातीच्या ईव्हीपासून शेवटच्या ईव्हीपर्यंत नेणारा. त्यातल्या ओळी अशा वाचा.

जुन्या धंद्यावरचा अपेक्षित परतावा ही पहिली ओळ. ही आपोआप वाढते, तिचं कौतुक नको. दुसरी व्हीएनबी, वर्षभराच्या नव्या विक्रीची कमाई. तिसरी ओळ ऑपरेटिंग व्हेरियन्सची, आणि माझ्या मते अख्ख्या अहवालातली हीच सर्वांत प्रामाणिक ओळ. ग्राहक किती टिकतील, किती दावे येतील, किती खर्च होईल याचे कंपनीने आधी बांधलेले अंदाज आणि प्रत्यक्षात घडलेलं यातला फरक इथे उतरतो. पाच वर्षांपैकी चार वर्षं हा आकडा लहान का होईना अधिक असेल, तर कंपनी हात राखून अंदाज बांधते. सतत उणे असेल, तर दरवर्षी दाखवलेल्या व्हीएनबीचा काही भाग हवेतला होता. २०२१च्या दुसऱ्या कोविड लाटेत दाव्यांमुळे सगळ्यांनाच फटका बसला, ते वर्ष वेगळं काढून ठेवा. चौथी ओळ गृहीतकांमधल्या बदलाची: कंपनीने स्वतःच कबूल केलं की आधीचा अंदाज चुकला. पाचवी बाजाराची, म्हणजे व्याजदर आणि शेअर यांच्या चढउताराची.

बाजाराची ओळ किती फसवते ते पाहा. २०२३-२४मध्ये एलआयसीची ईव्ही ५,८२,२४३ कोटींवरून ७,२७,३४४ कोटींवर गेली. एका वर्षात १ लाख ४५ हजार कोटी, पंचवीस टक्के. त्या वर्षीची व्हीएनबी किती? ९,५८३ कोटी. उरलेल्यातला मोठा वाटा जुन्या धंद्याचा परतावा आणि बाजाराची तेजी यांचा. अशी वाढ पुढच्या वर्षी टिकेलच असं नाही, आणि टिकली नाहीच. २०२४-२५मध्ये वाढ सात टक्क्यांच्या आत आली. बाजाराची ओळ वगळून जी वाढ उरते, ती सुरुवातीच्या ईव्हीने भागली की ऑपरेटिंग आरओईव्ही, म्हणजे ईव्हीवरचा परतावा, मिळतो. मुदत ठेवीच्या दराच्या दुपटीपेक्षा तो सातत्याने वर नसेल तर शेअरची जोखीम घ्यायची कशाला, असा माझा सरळ निकष आहे.

आणि ईव्ही नेहमी दर शेअरला मांडा. एचडीएफसी लाइफने २०२२मध्ये एक्साइड लाइफ ६,६८७ कोटींना घेतली, त्यातला मोठा भाग नवे शेअर देऊन. अशा वेळी एकूण ईव्ही वाढते आणि वाटेकरीही वाढतात.

ग्राहक टिकतो का

एल-२२मध्ये पर्सिस्टन्सी १३, २५, ३७, ४९ आणि ६१ महिन्यांची दिलेली असते. फक्त पहिली आणि शेवटची लिहून घ्या. तेरावा महिना म्हणजे दुसरा हप्ता किती जणांनी भरला. मोठ्या खासगी कंपन्यांत तो ८५ ते ८९ टक्क्यांत असतो, एलआयसीचा प्रीमियमच्या हिशेबाने ७५च्या आसपास. एकसष्टाव्या महिन्याला मात्र सगळेच साठीच्या घरात येतात. प्रीमियमवरचा आकडा आणि पॉलिसींच्या संख्येवरचा आकडा वेगळा असतो. मोठ्या हप्त्याचे ग्राहक जास्त टिकतात, म्हणून प्रीमियमचा आकडा देखणा दिसतो. तुलना करताना दोन्हीकडे एकच धरा.

तेराव्याचा आकडा सुधारतोय आणि एकसष्टाव्याचा खालावतोय असं दिसलं तर सावध व्हा. विक्रेत्यांना पहिल्या वर्षाच्या टिकाऊपणावर बक्षीस दिलं की असं होऊ शकतं.

१ ऑक्टोबर २०२४पासून नियम बदलला. एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरून कोणी पॉलिसी सोडली तरी काही सरेंडर रक्कम द्यावी लागते. पूर्वी लवकर सोडणाऱ्याचे पैसे कंपनीकडे राहायचे आणि खराब पर्सिस्टन्सीचा फटका त्यात मुरायचा. ती उशी आता पातळ झाली.

विकतं कोण

धरमपेठेतल्या किंवा सदरमधल्या कुठल्याही बँकेत मुदत ठेव मोडायला गेलेलं ज्येष्ठ जोडपं पॉलिसीचा फॉर्म भरून बाहेर येतं, हे दृश्य नागपूरकराला नवं नाही. विमेदार म्हणून त्याचा राग येतो. भागधारक म्हणून दोन प्रश्न विचारायचे: हा फॉर्म टिकणार आहे का, आणि उद्या बँकेनं दुसऱ्या कंपनीचा फॉर्म पुढे केला तर?

एसबीआय लाइफचा साठेक टक्के वैयक्तिक धंदा बँकेच्या शाखांतून येतो आणि स्टेट बँकेच्या शाखा काटोल, उमरेड, रामटेकपर्यंत पसरलेल्या आहेत. विक्रीचा खर्च कमी राहण्याचं हेच गुपित. एचडीएफसी लाइफही मुख्यतः बँकांवर, त्यातही स्वतःच्या पालक बँकेवर उभी आहे. पालक बँक भागधारक असते तोवर साथ सुटायची भीती कमी, पण बँकेवर नियामकाने चुकीच्या विक्रीबद्दल बंधनं आणली तर विमा कंपनीलाच ताप. एलआयसीकडे १४ लाखांहून जास्त एजंट आहेत, तिची वैयक्तिक विक्री जवळजवळ सगळी त्यांच्यातून. ही फौज दुसऱ्या कोणाला उभी करता येणार नाही, पण ती फौज टर्म विमा विकायला फारशी उत्सुक नसते, कारण कमिशन हप्त्यावर मिळतं आणि टर्मचा हप्ता लहान.

वहीत लिहा: एका मार्गावर किती टक्के अवलंबून. साठच्या वर असेल तर मी भाव देताना हात आखडता घेतो.

सरकारची पेन

या धंद्याला स्पर्धेपेक्षा अर्थसंकल्पाचा धाक जास्त. १ फेब्रुवारी २०२३ला घोषणा झाली की १ एप्रिल २०२३पासूनच्या, युलिप सोडून बाकी पॉलिसींचा वार्षिक हप्ता एकूण पाच लाखांच्या वर असेल तर मुदतीनंतरच्या रकमेवर कर लागेल. विमा शेअर त्याच दिवशी धाडकन कोसळले. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. ग्राहकाला टर्म विम्यावरचे १८ टक्के वाचले, पण कंपनीला खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळेनाशी झाली. हा भार कोणी एजंट-बँकांवर ढकलला, कोणी स्वतःच्या मार्जिनमधून सोसला, हे त्यानंतरच्या तिमाह्यांत कंपनीगणिक तपासा. घासाघीस करण्याची ताकद कोणाकडे आहे ते यातून जितकं कळतं तितकं कुठल्याच सादरीकरणातून कळत नाही.

व्याजदराचाही वाटा आहे. आरबीआयने फेब्रुवारी ते जून २०२५मध्ये रेपो दर साडेसहावरून साडेपाचवर आणला. वीस वर्षांच्या खात्रीचं वचन आधीच दिलेलं असेल आणि पुढे येणारे हप्ते कमी व्याजाने गुंतवावे लागले तर नफा आटतो. कंपन्या पुढचे दर आधीच करार करून बांधून ठेवतात. ईव्ही अहवालातल्या संवेदनशीलतेच्या तक्त्यात व्याजदर एक टक्का हलला तर ईव्ही किती हलते ते दिलेलं असतं. आकडा लहान असला की समजायचं, बांधणी नीट आहे. सॉल्व्हन्सी किमान १५० टक्के लागते. चारही मोठ्या कंपन्या मार्च २०२५ला १९० ते २१५च्या दरम्यान होत्या, तिथे डोकं शिणवू नका.

भाव किती द्यायचा

चांगली कंपनी आणि चांगला शेअर यांतला फरक आयसीआयसीआय प्रुच्या आकड्यांत स्वच्छ दिसतो. २०१६ला इश्यू ३३४ रुपयांना आला. तेव्हा ईव्ही १३,९३९ कोटी, म्हणजे दर शेअरला सुमारे ९७ रुपये. लोकांनी ईव्हीच्या ३.४ पट मोजले. नऊ वर्षांत ईव्ही वर्षाला साडेचौदा टक्क्यांच्या वर वाढली आणि मार्च २०२५ला दर शेअरला ३३२ झाली. भाव मात्र तेव्हा ५६०च्या आसपास, ईव्हीच्या १.७ पट. गुंतवणूकदाराला लाभांश सोडून वर्षाला सहा-साडेसहा टक्के पडले. धंदा वाढला, पण पट अर्धी झाली आणि कमाई त्यात गेली.

एलआयसीत हेच आणखी उघडं. इश्यूच्या वेळी दर शेअरला ईव्ही ८५३, भाव ९४९, म्हणजे १.१ पट. मार्च २०२५ला ईव्ही १,२२८ आणि भाव ८००च्या आसपास, ०.६५ पट. बाजार सांगतोय की त्या ईव्हीतल्या बाजारावर हलणाऱ्या भागावर त्याचा पूर्ण विश्वास नाही. शिवाय सरकारकडे ९६.५ टक्के हिस्सा आहे आणि १६ मे २०२७पर्यंत जनतेचा हिस्सा दहा टक्क्यांवर न्यायची मुदत सेबीने दिली आहे. एवढा माल बाजारात यायचा असताना भाव सहजी वर जात नाही. स्वस्त आहे, पण स्वस्त का आहे ते माहीत असून घ्या.

मी दोन गणितं करतो. पहिलं: बाजारमूल्यातून ईव्ही वजा करायची आणि उरलेल्याला वर्षाच्या व्हीएनबीने भागायचं. भविष्यातल्या विक्रीला बाजार किती वर्षांची किंमत देतो ते कळतं. मार्च २०२५च्या भावांनी एचडीएफसी लाइफला हे उत्तर साधारण २३ येत होतं, एसबीआय लाइफ आणि आयसीआयसीआय प्रुला १४च्या आसपास. एलआयसीचं उत्तर उणे. तेवीस देणाऱ्याला वर्षानुवर्षं जोमदार वाढ हवीच, चौदा देणाऱ्याला चुकायला जागा आहे.

दुसरं: ईव्ही वर्षाला १५ टक्के वाढेल आणि पट आज २.५ आहे असं धरा. दहा वर्षांनी पट १.८ झाली तर तुमचा परतावा ११.३ टक्के. तीन झाली तर १७. पट कमी होईल असं धरूनच हिशेब करा आणि तरी उत्तर पटलं तरच घ्या.

घ्यायचे किती, विकायचे कधी

शेअरमधल्या एकूण पैशाच्या आठ-दहा टक्क्यांवर हे क्षेत्र मी जाऊ देत नाही, आणि एकच कंपनी असेल तर पाचावर. आपल्याकडे बचतीचा मोठा भाग आधीच एलआयसीच्या पॉलिसीत, ठेवी स्टेट बँकेत आणि शेअरही स्टेट बँकेचे असतात. वरून एसबीआय लाइफ घेतलं तर सगळं एकाच दारात बांधल्यासारखं होतं. लाभांशाच्या आशेने घेऊ नका. २०२४-२५साठी एलआयसीने दर शेअरला १२ रुपये दिले, एचडीएफसी लाइफने २.१०, आयसीआयसीआय प्रुने ८५ पैसे. खरेदी वर्षभरात तीन-चार टप्प्यांत करा. एक टप्पा अर्थसंकल्पानंतरसाठी राखून ठेवलेला बरा.

दरवर्षी मेमध्ये वहीत एवढंच लिहायचं: दर शेअर ईव्ही, व्हीएनबीची रक्कम आणि मार्जिन, ऑपरेटिंग व्हेरियन्स अधिक की उणे, १३ आणि ६१ महिन्यांची पर्सिस्टन्सी, ईव्हीची पट. व्हेरियन्स किंवा गृहीतकांतला बदल सलग दोन वर्षं उणे आला, किंवा ६१ महिन्यांचा आकडा दोन-तीन वर्षं घसरत गेला, किंवा मुख्य बँक-भागीदाराशी करार बिघडला, तर मी विकायला लागतो. पट तुमच्या खरेदीच्या दुप्पट झाली आणि वाढीचा वेग तोच राहिला असेल तरी निम्मे काढतो.

विकताना कर लक्षात घ्या. वर्षाच्या आत विकले तर नफ्यावर २० टक्के, वर्षानंतर साडेबारा, तेही आर्थिक वर्षातला असा दीर्घकालीन नफा सव्वा लाखाच्या वर गेला तर वरच्या रकमेवर. मोठी रक्कम काढायची असेल तर काही शेअर मार्चअखेर आणि उरलेले एप्रिलमध्ये विकले की दोन वर्षांची सूट वापरता येते.